उलटं चिकटवलेलं फूल

महाशिवरात्र जवळ आली की भंडाऱ्याच्या बाजारात धोतरा विकायला येतो. एरवी या झाडाला कुत्रं विचारत नाही. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला, नाल्याच्या काठावर ते आपलं आपण उगवतं, आपलं आपण फुलतं, आणि लेकरं जवळ गेली की बाया लांबूनच ओरडतात. पण शिवरात्रीला त्याच बाया बेलाच्या पानांशेजारी त्याची काटेरी फळं टोपलीत मांडून बसतात. विषाचाही एक सण असतो.

नेमक्या याच दिवसांत आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षा लागतात. बाहेर पळस पेटलेला असतो, धानाच्या बांध्यांमधलं लाखोळीचं कडधान्य काढून झालेलं असतं, दुपारच्या हवेला मोहाचा पहिला गोडसर वास यायला लागतो. आत प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा उग्र दर्प, धुतलेल्या टेबलांचा ओलसर वास आणि पोरापोरींची घाबरी कुजबुज. याच विभागात मी शिकले आणि आज याच विभागाची मी प्रमुख आहे. ऋतू पालटला की लोकांना आठवणी येतात. मला राग येतो. दरवर्षी येतो, वेळेवर येतो, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहते.

धोतऱ्याचं कुल मोठं अजब आहे. पुस्तकात त्याला सोलॅनेसी म्हणतात. मी वर्गात त्याला भावकी म्हणते, म्हणजे पोरांच्या लवकर ध्यानात राहतं. वांगं याच भावकीतलं, मिरची याच भावकीतली, भेदरं म्हणजे टमाटे, आलू, तंबाखू, सगळे सख्खे-चुलत. चिरबोटीची कागदी पिशवीतली पिवळी फळं आणि पायात रुतणारी भुईरिंगणी, तीही यातलीच. दारातली रातराणी याच घरची लेक. एकाच घरातले काही पोट भरतात, काही डोळ्यांत पाणी आणतात आणि काही जीव घेतात. मात्र फूल उभं चिरून भिंगाखाली धरलं की नातं लपत नाही. पाच पाकळ्या खाली जुळून एक झालेल्या, पाच पुंकेसर आणि मधोमध जरा तिरकं बसलेलं अंडाशय. सरळ बसणं या कुलाला माहीतच नाही. म्हणून असेल, पण मला ही भावकी माझी वाटते.

जिल्हा फुटून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता, त्या काळात मी शेवटच्या वर्षाला होते. माझं गाव कोंढा. शिकायला शहापूरला मावशीकडे राहायची, तिथून बसने भंडाऱ्याला. घरी थोडी शेती, बाकी मजुरी. बाबांनी साधा सौदा केला होता: फर्स्ट क्लास आला तर एम.एस्सी.ला नागपूरला पाठवीन, नाही आला तर घरी बस, पुढचं पाहू. बाबा वाईट नव्हते. त्यांच्याकडे एकाच पोरीला नागपूरला ठेवण्याइतकी ताकद होती आणि माझ्या मागे आणखी भावंडं होती. त्यामुळे मला फर्स्ट क्लास पाहिजेच होता. तो मार्कांचा प्रश्न नव्हता, नागपूर की कोंढा एवढाच प्रश्न होता.

कॉलेजच्या बागेत नळाजवळ आंब्याच्या सावलीत एक झाड होतं. माणसापेक्षा उंच, बुंधा लाकडी, पानं मोठी. आमच्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नसे, पण नळाच्या ओलीवर ते तग धरून होतं. थंडी सरताना त्याला लांबच लांब पांढरी फुलं यायची, कर्ण्यासारखी, आणि सगळीच्या सगळी खाली तोंड करून लोंबायची. संध्याकाळी बसची वाट पाहताना त्यांचा वास इतका दाट व्हायचा की डोकं जड व्हायचं. माळी त्याला विलायती धोतरा म्हणायचा. आमचे सरही धोतराच म्हणायचे.

मी त्या झाडाखाली बसून डबा खायची, त्यामुळे आमची ओळख झाली. कळी आधी तिरपी निघते, मोठी होता होता झुकते आणि उमलायच्या वेळी पार खाली पाहते. आपला गावचा धोतरा असा नसतो. तो रोपटं असतो, वर्षा-दोन वर्षांत मरतो, त्याचं फूल आभाळाकडे तोंड करतं आणि फळाला काटे असतात. हे झाड पुरतं लाकडी, फूल खाली, आणि फळ क्वचित धरलंच तर लांबट नि गुळगुळीत. ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकात मला ते सापडलं. अभ्यासकांनी त्याला आधी धोतऱ्याच्या वंशात घातलं होतं, मग बाहेर काढलं, मग परत आत घेतलं, आणि शेवटी वेगळं घर करून दिलं. वंशाचं नाव ब्रुगमान्सिया. त्या दिवशी शहापूरला जाताना बसमध्ये मी ते नाव ओठांत घोळवत होते, जणू मीच ठेवलंय.

परीक्षेला हर्बेरियम द्यावं लागायचं, म्हणजे वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेली झाडं. मी त्या झाडाची एक फांदी फुलासकट कोंढ्याला नेली. रद्दीच्या कागदांत घालून धानाच्या पोत्यांखाली ठेवली. मी शहापूरला असताना माय रोज कागद बदलायची, ओले कागद चुलीमागच्या भिंतीला टेकवून वाळवायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण फुलाची पाकळी दुमडली तर ती ओल्या बोटाने सरळ करायची. फूल इतकं सुंदर वाळलं की त्याच्या शिरा मोजता आल्या असत्या. मी ते कागदावर चिकटवलं, जसं झाडाला असतं तसं. देठ वर, तोंड खाली. आणि खाली नाव लिहिलं, ब्रुगमान्सिया.

आता सरांचं सांगते. नाव लिहीत नाही. नाव विभागातल्या फ्रेमवर आहे, तेवढं पुरे. ते तेव्हा विभागप्रमुख होते आणि त्यांच्या सहीशिवाय हर्बेरियम परीक्षेला ठेवता येत नसे. संग्रहाच्या खोलीत भिंतीवर त्यांनी तरुणपणी बनवलेला एक नमुना काचेत लावलेला होता, याच झाडाचा. पचमढीच्या सहलीहून कोणीतरी त्यांना सुकलेलं फूल आणून दिलं होतं. झाड त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. दाबलेल्या फुलाला वर-खाली कुठलं? त्यांनी आपला धोतरा आठवला आणि फूल वर तोंड करून चिकटवलं. खाली झाडाचं नाव म्हणून धोतऱ्याचं नाव आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव, पदव्यांसकट. नंतर बागेत तेच झाड लागलं, त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं खाली तोंड करून फुललं, पण फ्रेम काही हलली नाही.

माझा कागद पाहून ते हसले. सगळ्या बॅचला जवळ बोलावलं. म्हणाले, फूल उलटं चिकटवलंय, पाहा. मी हळूच म्हटलं की सर, झाडाला तसंच आहे, आणि पुस्तकात ते वेगळ्या वंशात टाकलंय. त्यावर ते जे बोलले ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते.

"सरकारने भंडाऱ्यातून गोंदिया काढला, आता तू धोतऱ्यातून काय काढून राहिली? महादेवाले धोतरा वाहणाऱ्याइले धोतरा शिकवतं का तू? तुमच्या घरी तं देवच नाही."

बॅच हसली. आमच्या घरी देव नाही हे खरंच होतं. आजोबांनी छप्पन्न सालीच देव्हारा उतरवला होता. पण घरी देव नसला म्हणून डोळे नसतात असं थोडंच आहे? हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचतं नेहमी घरी आल्यावर, भांडी घासताना. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं, भिंतीवरच्यासारखं करून आण, तेव्हा सही.

सही नाही तर परीक्षा नाही. मी कोंढ्याला गेले, वाफेवर धरून डिंक सैल केला आणि फूल सोडवलं. पाकळीचा एक कोपरा फाटला. माय शेजारी बसून तूर निवडत होती.

"काहून वो, चांगलं तं होतं. उलटं कायले करून राहिली?"

सर म्हणतात म्हणून, मी सांगितलं. मायने तुरीतला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली की सरले एकदा झाडापाशी घेऊन जाय ना. तिला वाटत होतं, त्यांनी पाहिलंच नसेल. मी फूल वर तोंड करून चिकटवलं, धोतऱ्याचं नाव लिहिलं, आणि सही मिळाली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक टेबलाच्या मधोमध बसले होते आणि सर त्यांच्या शेजारी. परीक्षकांनी माझी पानं उलटली, चांगलं चाललं होतं. त्या कागदावर त्यांचा हात थांबला. झाड कधी पाहिलंय का, असं त्यांनी मला विचारलं. हे फूल लोंबतं, बाई, आणि हा धोतराही नव्हे. आवाजात राग नव्हता, कीव होती. मी सरांकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मीच तिला तसं चिकटवायला सांगितलं, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्यांनी समोरच्या डबीतून लवंग काढली, तोंडात टाकली आणि परीक्षकांना म्हणाले, "खेड्यातल्या पोरी आहेत, सर. कितीही सांगा, ऐकत नाहीत."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी ऐकल्या, अगदी हळू आवाजातल्या. अंतर्गत मार्क त्यांच्याच हातात होते, त्यामुळे माझं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढचे सगळे प्रश्न माझे चुकले. वांग्याचं फूल समोर होतं आणि मला त्याचं कुल आठवेना.

फर्स्ट क्लास थोडक्यात गेला. नागपूर गेलं. त्या वर्षी मी मायसोबत मिरचीच्या सातऱ्यावर जाऊ लागले. वाळलेल्या मिरच्यांचे ढीग घालतात आणि बाया त्याभोवती बसून देठं खुडतात, त्याला आमच्याकडे सातरा म्हणतात. सकाळी बोटं झोंबतात, दुपारी मनगटापर्यंत आग चढते, संध्याकाळी चुकून डोळ्याला हात लागला की भिंत धरून उभं राहावं लागतं. बाया खोकत खोकत गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या. मी गप्प बसून देठं खुडायची. प्रत्येक देठाला निदलपुंजाची, म्हणजे कळी झाकणाऱ्या हिरव्या पानांची, बारीक टोपी असते, फळ झालं तरी ती गळत नाही, हे या कुलाचं लक्षणच. एक देठ, एक टोपी, आणि मनात सरांची मान. अशा किती मिरच्या खुडल्या असतील ते मिरच्यांनाच ठाऊक. साप डूख धरतो म्हणतात. साप धरतो की नाही, मला माहीत नाही. मी धरला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या एम.एस्सी.त जागा मिळाली. बाबांनी न बोलता बैल विकला. मग प्राध्यापकीची परीक्षा, मग लहानसहान नोकऱ्या, आणि शेवटी इथे, याच विभागात. सर तोवर निवृत्त होऊन गेले होते. पहिल्याच दिवशी मी संग्रहाच्या खोलीत गेले. फ्रेम होती. काचेवर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, आणि आत ते फूल, आभाळाकडे तोंड करून. मी खुर्ची ओढली, चढले, फ्रेम काढायला हात लावला आणि थांबले. काढून काय साधणार? काढली की चूक मिटली. मी पदराने काच पुसली आणि खाली उतरले.

मग त्या जुन्या झाडाची फांदी आणून विभागाच्या दाराशी लावली. दोन पावसाळ्यांत ती माझ्याएवढी झाली. आता थंडी सरताना दारात फुलं खाली लोंबतात आणि आत भिंतीवर तेच फूल वर पाहतं. कोणीही यावं, बाहेर पाहावं, आत पाहावं.

आमच्या विहारात भन्तेजी वैर सोडायला सांगतात. मी ऐकते, मान डोलावते, घरी येते. नवरा म्हणतो, तो म्हातारा झाला, तू एवढी मोठी झाली, सोड ना आता. मोठी झाले हे खरं आहे. पण त्यासाठी मला जे एक वर्ष मिरचीत घालावं लागलं, त्याचं काय? ज्या पोरी सातऱ्यावरून शिकायला परत आल्याच नाहीत, त्यांचं काय? माझ्यासोबत बसणारी एक होती, माझ्याहून हुशार. तिचे हात अजून तिथेच आहेत. क्षमा ही चांगली गोष्ट आहे, पण ती मागणाऱ्याला आधी तोंड उघडावं लागतं.

आणि एकदा त्यांनी उघडलं. मागच्या उन्हाळ्यात सर विभागात आले. हातात काठी, शर्टाची कॉलर मानेला ढिली झालेली. मला मॅडम म्हणाले. मी खुर्ची दिली, चहा मागवला. आमच्याकडे दारी आलेल्याला चहा दिल्याशिवाय बोलत नाहीत, मग तो कोणीही असो. त्यांनी हवापाण्याच्या, करडी गावाकडच्या त्यांच्या धानाच्या, गुडघ्यांच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले की नात इथेच बी.एस्सी.ला आहे, आता शेवटच्या वर्षात जाईल, बॉटनी घेतली आहे. पोरगी चांगली आहे हे मला ठाऊक होतं. मान खाली घालून भिंगातून तासन्‌तास पाहणारी. मी तसं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, ते भिंतीवरची फ्रेम जुनी झाली. काढून टाका ना आता."

"काहून सर? चांगली तं आहे."

ते दाराकडे पाहत राहिले. दारात झाड होतं. उन्हाने पानं गळाली होती, पण एक चुकार फूल होतं, खाली पाहणारं.

"उलटं आहे ते," ते म्हणाले. "तुमालेही माहीत आहे."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. वाटलं होतं, ऐकलं की आतली आग विझेल. विझली नाही. उलट हात झोंबायला लागले, सातऱ्यावरून आल्यासारखे.

"मग तवा काहून नाही बोलले?"

"एक्स्टर्नल होते समोर."

"मीही होती समोर, सर."

काठीची मूठ ते अंगठ्याने चोळत राहिले. मला त्यांची दया आली का? आली, थोडी. पण तिच्या जोरावर खुर्चीवर चढून फ्रेम उतरवण्याइतकी नाही. त्यांनी परत एकदा सांगून पाहिलं की नात पाहील, घरी विचारेल, म्हाताऱ्याची लाज जाईल. मी म्हटलं, राहू द्या सर, तुमचं नाव आहे त्यावर. दारापर्यंत त्यांना सोडायला गेले. झाडाखालून जाताना ते लोंबतं फूल त्यांच्या टोपीला लागलं आणि ते वाकले.

पोरीवर मात्र मी वर्षभर काडीचाही राग काढला नाही. तो माझा हक्क नव्हता आणि तो तिचा हिशोबही नव्हता. इतर पोरींना शिकवलं तसंच तिला शिकवलं. कधी कधी तर जरा जास्तच, कारण ती विचारायची. वांग्याचं फूल आणि भुईरिंगणीचं फूल शेजारी ठेवून एकाच वंशातली ही दोन इतकी दूर कशी गेली, हे तिने मला विचारलं तेव्हा मी खरंच खूश झाले.

यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिकल लागलं. स्पॉटिंगची पद्धत अशी की टेबलावर नमुने मांडायचे, घंटा वाजली की मुलाने पुढच्या नमुन्यासमोर सरकायचं आणि समोर काय आहे ते लिहायचं. नमुन्याची नावं कागदाच्या पट्टीने झाकतात. मी सकाळी लवकर आले, भिंतीवरची फ्रेम उतरवली, काच ओल्या फडक्याने पुसली आणि शेवटच्या टेबलावर मांडली. प्रश्न लिहिला: या नमुन्यातली चूक ओळखा. झाडाचं नाव पट्टीने झाकलं. तयार करणाऱ्याचं नाव झाकलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेजारी बसल्या होत्या. घंटा वाजत गेली, पोरं सरकत गेली. कोणी लिहिलं, कोणी डोकं खाजवलं. मग ती आली. फ्रेमकडे पाहिलं, खालचं नाव वाचलं, तिचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. परीक्षा तिची होती, तिने तिचं ठरवायचं होतं. मग तिने दाराकडे पाहिलं, जिथे यंदा झाड फुलांनी वाकलं होतं, आणि लिहायला लागली. घंटा वाजली तरी तिचं शेवटचं वाक्य चालूच होतं.

पेपर तपासताना मी तिचं उत्तर परीक्षक बाईंना दाखवलं. फूल उलटं चिकटवलं आहे, हे फूल खाली लोंबतं, आणि धोतऱ्यासारखं दिसलं तरी झाड ब्रुगमान्सिया आहे. सगळं स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही. बाई म्हणाल्या, उत्तम. आम्ही पूर्ण मार्क दिले, जे त्या टेबलावर मला मिळायला पाहिजे होते ते.

संध्याकाळी ती दाराशी झाडाखाली उभी होती, फुलांचा वास सुटला होता. मी कुलूप लावलं आणि तिच्याजवळ गेले.

"घरी गेली की आजोबाले सांग, पूर्ण मार्क भेटले म्हणून. आन कायचे भेटले, तेही सांग."